मी नापास केलेलं पेन

चहा घ्या आधी, गार होतोय. आणि घोट घेऊन मगच ऐका, कारण हसू आलं की चहा नाकात जातो. हसा हो, खुशाल हसा! सांगताना मीसुद्धा हसतो. घरी एकटा असलो की मात्र हा किस्सा आठवू नये असं वाटतं.

मूर्खपणा कोण करत नाही? गडबडीत, रागात, झोपेत सगळेच करतात. पण सकाळी दहा वाजता, शांत डोक्यानं, पुरती अक्कल वापरून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायला माणूस तयारीचा लागतो. तो मी!

उमरीच्या शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. शिकवण्यापेक्षा जास्त नाव झालं ते अक्षराचं. आणि अक्षराहून जास्त शाईपेनांचं. कोणाचं पेन गळायला लागलं, चला सरांकडं. निब अडली, चला सरांकडं. एकदा तर एक बाई गळका स्टोव्ह घेऊन आली होती. म्हणाली, ‘तुम्ही गळतं बंद करता म्हणे.’

असा सगळा मान. पण खरं सांगू? महागडं, परदेशी, नावाजलेलं शाईपेन मी आयुष्यात हातात धरलं नव्हतं. मोबाइलवर बघायचो. जेवण झालं की पलंगावर पडून लोक देवाची भजनं ऐकतात, मी पेनांचे व्हिडिओ बघायचो. आमची सुमन, म्हणजे बायको, म्हणायची, ‘एक घेऊन तरी टाका की.’ मी म्हणायचो, ‘काय करायचंय? अक्षर हातात असतं, पेनात नसतं.’ असली वाक्यं परवडत नाही तेव्हा फार सुचतात.

आता बिराजदार सरांबद्दल सांगायला पाहिजे. त्यांच्याशिवाय किस्सा पुढं सरकत नाही.

बिराजदार सर मूळचे लातूरचे. आमच्याच शाळेत गणित शिकवायचे. मी आणि ते एकाच महिन्यात निवृत्त होणार होतो. माणूस वाईट नाही. तोच तर सगळा त्रास होता! वाईट असता तर मला मोकळेपणानं राग धरता आला असता. पण त्यांची पोरं डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली. निकाल लागला की आईबाप पेढे घेऊन आधी त्यांच्या टेबलावर. माझ्यापर्यंत खोका यायचा तेव्हा त्यात चुरा उरलेला असायचा.

आणि माझी पोरं काय झाली? शुद्ध लिहायला लागली. पोरगं शुद्ध लिहायला लागलं म्हणून कोणी घरापुढं फटाके वाजवलेले बघितलेत का तुम्ही?

तर निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते. रविवारची सकाळ. दारात दोघं जण उभे. एक वंदना, माझी जुनी विद्यार्थिनी. आता लातूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. दुसरा तिच्याच वर्गातला माधव, अर्धापूरकडचा, केळीच्या बागायतदाराचा पोरगा. नांदेडला डॉक्टर आहे. हा माधव म्हणजे बिराजदार सरांचा एकदम लाडका.

दोघांनी पाय धरले. सुमननं पोहे टाकले. इकडचं तिकडचं झालं आणि वंदनानं पर्समधून एक लांबट काळा डबा काढला. असा काढला जसं काही आत तान्हं बाळ झोपलंय.

“सर, एक काम होतं. तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला कळत न्हाई यातलं. आमच्या बॅचनं मिळून एक पेन घेतलंय. एका माणसाला द्यायचंय. तुम्ही बघून सांगा, कसं हाय.”

“कोणाला द्यायचंय?”

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. माधव हसला. “ते गुपित हाय सर. पण लई मोठा माणूस हाय. कार्यक्रमात द्यायचंय.”

कार्यक्रम एकच होता, आम्हा दोघांच्या निरोपाचा. निवृत्त होणारे दोन. आता तुम्हीच सांगा, माझ्यासाठी असतं तर मलाच दाखवायला आणलं असतं का? नवरदेवाला कोणी त्याच्याच अंगठीची पारख करायला लावतं का? म्हणजे पेन बिराजदारांचं! दोन अधिक दोन चार. गणितात मी कच्चा, पण हे गणित मी एका सेकंदात सोडवलं. आणि चुकवलं. पण ते नंतर.

डबा उघडला.

काय सांगू! काळंभोर. पण बुटाच्या पॉलिशसारखं काळं नव्हे, भरल्या विहिरीत डोकावल्यावर दिसतं ना, तसलं खोल काळं. कमरेला एक बारीक सोनेरी कडं. हातात घेतलं तर ना जड ना हलकं. टोपण मागं लावलं की तोल असा बसला, जणू अंगठा आणि बोटामध्ये त्याची जागा आधीच ठरलेली होती. टोपण फिरवून उघडताना आवाज नाही, बंद करताना शेवटी एक हलकासा ‘टुक्’. निब सोन्याची, तिच्यावर पानाफुलांची इतकी बारीक नक्षी की चष्मा कपाळावर ढकलून, पेन नाकाजवळ धरून बघितली.

माझ्या दौतीतली शाई भरली. मागचा भाग फिरवला तसं पेन ती घटाघटा प्यालं. मग मी कागद ओढला आणि लिहिलं, ‘श्री’.

अहो, कागदावर पेन चालल्याचं कळलंसुद्धा नाही! सायीवरून बोट फिरवावं तसं. उभी रेघ भरदार, वळणावर बारीक, पुन्हा भरदार. ‘क्ष’ काढला, ‘ज्ञ’ काढला, ‘ऋ’ काढला. एकतीस वर्षं फळ्यावर जे अक्षर काढायची मी धडपड केली, ते त्या पेनानं मला एका ओळीत काढून दिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत.

आणि त्या पाण्यातून मला काय दिसलं असेल? बिराजदार! बिराजदार आणि त्यांच्या हातात हे पेन. काय लिहिणार तो माणूस त्यानं? किराणा मालाची यादी? पाढे? त्यांचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडालेली कोंबडी पळाल्यासारखं. आणि असलं पेन त्यांच्या खिशाला!

बास. तिथं माझ्यातला मास्तर मेला आणि दुसरंच काहीतरी उठून बसलं.

“हूं,” मी म्हणालो. पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. “कुठून घेतलं?”

“नांदेडहून, जुन्या दुकानातून. काहून सर? काही चुकलं का?” वंदनाचा चेहरा उतरला.

“चुकलं असं न्हाई. पण वजन बघ. तोल पुढं जातोय.” तोल तराजूसारखा होता! “टोपण सैल हाय.” टोपण घट्ट होतं! “आणि ही चमक बघितली का? खरं पेन एवढं चमकत नसतं. खरा माल गरीब दिसतो.” हे वाक्य मी त्या क्षणी जन्माला घातलं. “निबला सोन्याचं नुसतं पाणी दिलंय. दोन वर्षांत तांबं दिसंल.”

“पण सर,” वंदना हळूच म्हणाली, “आत्ता तुम्ही लिवलं तवा तर इतकं सुंदर…”

“ते माझ्या हातामुळं, गं. मी खराट्याच्या काडीनं लिहिलं तरी सुंदरच दिसंल.”

आली का लाज? मला नाही आली. उलट चेव आला. म्हटलं, असं तोंडी सांगून भागायचं नाही, पुरावा पाहिजे. मी पेन बोटांत हळूच फिरवलं. निब उलटी झाली, पोट वर आणि पाठ कागदावर. शाईपेनाची निब उलटी धरली की जगातलं कुठलंही पेन ओरडतं. बॉलपेनवाल्या पिढीला हे काय माहीत?

“ऐका,” मी म्हणालो. आणि रेघ ओढली.

खर्रर्रर्र!

माधवनं दात आंबल्यासारखं तोंड केलं. कागदावर केसासारखी एक सुकी, तुटकी रेघ उमटली.

“बघा. ही त्याची असली जात.”

“म्हणजे फसवलं की दुकानदारानं आपल्याला!” माधव उसळला.

“फसवलं असं मी म्हणणार न्हाई,” मी म्हणालो. आणि असं म्हणालो की ऐकणाऱ्याला दुसरा अर्थच काढता येऊ नये.

माधव म्हणाला, “आमच्या केळीचा व्यापारी असंच करतो सर. घड दाबून बघतो, नाक मुरडतो, म्हणतो मालात दम न्हाई. पण तो भाव पाडायला करतो. तुम्हाला काय, तुम्हाला यात घेणं न्हाई देणं न्हाई. तुम्ही खरंच सांगणार.”

तुम्हाला सांगतो, पोह्यातली मिरची त्याच वेळी माझ्या घशात अडकली. वंदनानं धावत पाणी आणलं.

तिथं तरी मी थांबावं की नाही? पण गाडी उताराला लागली होती. वंदनानं विचारलं, “मग आता काय द्यावं सर? नाव कोरायचं बाकी हाय, म्हणून परत घेतील. त्याच दुकानात घड्याळं पण असतात.”

“घड्याळ!” मी टाळीच वाजवली. “घड्याळच द्या. भिंतीवरचं, मोठं, ठोके देणारं. आयुष्यभर तासावर डोळा ठेवून नोकरी केली माणसानं. आता घरी बसून खुशाल बघू दे.”

“सर, त्यांना आवडंल ना पण?” वंदनानं अगदी माझ्या डोळ्यांत बघून विचारलं.

“म्हणजे काय! उड्या मारतील.”

ती दोघं गेली. सुमन पोह्याच्या ताटल्या उचलायला आली. म्हणाली, “एवढं वाईट होतं का हो पेन?”

“लई वाईट.”

“मग अर्धा तास हातातून खाली काहून ठेवलं न्हाई?”

मी पेपर वाचायला घेतला. कालचा होता, तरी वाचला.

तीन आठवडे मी मजेत होतो हो! शाळेत बिराजदार सर समोर आले की मनातल्या मनात ठोके मोजायचो. त्यांनी एकदा विचारलंसुद्धा, “काय सर, लई खूश दिसून राहिलात?” म्हटलं, “निवृत्तीचा आनंद!”

कार्यक्रमाचा दिवस आला. शाळेच्या मैदानात मंडप. गावातली माणसं, जुनी पोरं, कडेवर पोरं घेतलेल्या जुन्या पोरी. शाल, श्रीफळ, हार झाले. मग वंदनाच्या बॅचचा नंबर आला. माधवनं माइक घेतला आणि म्हणाला, “आमचे बिराजदार सर आता मुलाकडं, नातवंडांकडं फिरणार, म्हणून त्यांना ही चाकांची बॅग.”

बॅग? मी सुमनकडं बघितलं. सुमन माझ्याकडं बघत होती.

तेवढ्यात मंडपाच्या मागून दोघं जण काहीतरी उचलून आणताना दिसले. लाकडी, उभं, लांबलचक, लाल रिबिनीत बांधलेलं. मढं आणावं तसं खांद्याखांद्यानं स्टेजवर आणलं. मला कळेना की मला चक्कर येतेय का स्टेज हलतंय.

आणि वंदना माइकवर आली. आवाज कापत होता पोरीचा.

“आमच्या सरांसाठी आम्ही पेन घेतलं होतं. माझ्या अक्षराला वळण सरांनी लावलं. माझा हात धरून सरांनी ‘श्री’ गिरवून घेतला, म्हणून आज मी मराठी शिकवते. मी म्हणलं, सरांना द्यायचं पेन सरांच्या पसंतीला उतरलेलंच पाहिजे. म्हणून न सांगता त्यांनाच दाखवलं. सरांनी एका नजरेत ओळखलं की ते खोटं हाय. दुसरा कोणी असता तर म्हणला असता, जाऊ द्या, लेकरांचं मन कशाला मोडा. पण आमचे सर खोटं बोलत न्हाईत!”

टाळ्या! काय टाळ्या पडल्या म्हणता! समोरच्या रांगेतले दोन म्हातारे उभे राहिले. अध्यक्षांनी माइक ओढून सांगितलं की असा सत्यवादी शिक्षक या तालुक्यात पुन्हा होणे नाही. एवढ्यात ते घड्याळ वाजायला लागलं. माधवनं आधीच सेल घालून ठेवले होते. बारा ठोके. अध्यक्ष सातव्या ठोक्यापर्यंत त्याच्याशी झगडले, मग गप्प उभे राहिले. अख्खा मंडप माझ्याकडं बघत होता आणि मी हात जोडून उभा. लोकांना वाटलं मी गहिवरलोय. गहिवरलोच होतो.

खाली बसलो तर बिराजदार सरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. कानाशी म्हणाले, “पेन तसं निघालं याचं मला वाईट वाटून राहिलं, सर. कल्पना माझी होती. एवढी वर्षं बघतोय, गावाची पेनं तुम्ही दुरुस्त केली, स्वतःला एक धड घेतलं न्हाई. लेकरं मला विचारायला आली, सरांना काय द्यावं. मी म्हणलं, असं पेन द्या की सरांचा हात जन्मभर खूश राहील.”

आता बोला! या माणसाचा राग कसा धरायचा?

जेवणं झाल्यावर मी वंदनाला बाजूला घेतलं. ठरवलं होतं, सांगून टाकायचं. “वंदना, त्या पेनाचं…”

“सोडा ना सर!” ती म्हणाली. “तो दुकानदार मान्यच करंना. माझं लई भांडण झालं त्याच्याशी. मी सगळ्या गिऱ्हाइकांपुढं सांगितलं त्याला, आमच्या सरांनी खोटं ठरवलंय, म्हणजे ते खोटंच. तुम्ही नका मनाला लावून घेऊ.”

तुम्ही सांगू शकला असता का हो? मी नाही सांगितलं. ‘शाबास’ म्हणालो आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती वाकून पुन्हा पाया पडली.

आठ दिवस काढले कसेबसे. नवव्या दिवशी सुमनला बँकेत जातो म्हणून सांगितलं आणि नांदेडची गाडी पकडली. म्हटलं, स्वतःच्या पैशानं घेऊ ते पेन. फंडाचे पैसे आलेत, जाऊ देत काय जायचे ते. वंदनाला पुढं कधीतरी सांगू.

दुकान सापडलं. काचेच्या कपाटात पेनं, भिंतीवर घड्याळं. गल्ल्यावर पांढरी दाढी, डोक्याला टोपी, म्हातारे चाचा. मी कोण, कुठला, काही सांगितलं नाही. गिऱ्हाइकासारखं विचारलं, “काळं, सोनेरी कड्याचं एक परदेशी शाईपेन होतं म्हणे तुमच्याकडं?”

चाचांनी कपाळावर हात मारला. “त्याचं नाव नका काढू साहेब! एकच पीस मागवला होता. एक पोरगी घेऊन गेली आणि परत घेऊन आली. तिचा कोणी मास्तर हाय म्हणे. त्यानं सांगितलं, नकली हाय. भर दुकानात माझी इज्जत काढली साहेब! मी निब बघितली तर पाठीवर शाई वाळलेली. मास्तरनं उलटी धरून लिवलं होतं! चाळीस साल या गल्ल्यावर बसून राहिलो, असा गाढव मास्तर न्हाई बघितला.”

“असतात काही,” मी म्हणालो.

“पोरीला म्हणलं, बाई, तुझ्या मास्तरला पेन कुठून धरतात तेच मालूम न्हाई. तर रडायला लागली. म्हणली, माझ्या सरांना काही बोलू नका. काय करता? घेतलं परत.”

“मग… आता ते पेन?”

“गेलं की. दुसऱ्याच दिवशी हैदराबादचा एक गिऱ्हाईक आला. एक ओळ लिवली, डोळे मिटले आणि घेऊन गेला. आता तसलं मागवून भी येत न्हाई, कंपनीनं बंद केलं.”

मी दाराकडं वळलो. चाचांना वाटलं, गिऱ्हाईक हातचं चाललं. त्यांनी कपाटातून एक साधं, देशी शाईपेन काढलं, शाईत बुडवलं आणि कागद पुढं सरकवला. “हे बघा, हे भी वाईट न्हाई.”

नाही कसं म्हणणार? मी पेन घेतलं. निब सरळ आहे ना, ते दोनदा बघितलं. आणि लिहिलं, ‘श्री’.

चाचांनी चष्मा लावला. कागद हातात घेऊन उजेडाकडं धरला. कितीतरी वेळ बघत राहिले.

“सुभानअल्ला! काय हात हाय साहेब! काय पेन धरता!” मग त्यांनी मान हलवली. “त्या बिचाऱ्या लेकरांना तुमच्यासारखा एखादा जाणकार भेटायला पाहिजे होता बघा.”

“काय करता चाचा,” मी म्हणालो. “लेकरांचा मास्तरवर भरवसा होता.”